पावसात गळ टाकायला जाताना अंगात काय घालायचं: चार पावसाळ्यांत वापरलेली जॅकेटं

आधीच सांगतो, मी काही मोठा मासे मारणारा नाही. पुण्यात नोकरी, सासुरवाडी रोह्याजवळ, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातले दोन शनिवार-रविवार ताम्हिणीतून बाइकवर खाली उतरायचं, विळ्याला वळून कोलाडमार्गे घरी पोचायचं आणि मग कुंडलिकेच्या खाडीवर नाहीतर वरच्या अंगाला गोड्या पाण्यात रॉड टाकून बसायचं, एवढाच माझा उद्योग. नशीब असेल तर जिताडा नाहीतर तांबोशी, नसेल तर शिंगाळा, आणि बहुतेक वेळा काहीच नाही, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तेवढा तिवराच्या मुळात अडकून तुटतो आणि वीस रुपयांचा हूक आणि शिसं खाडीला वाहून आपण घरी. पण या नादात चार पावसाळ्यांत चार प्रकारची जॅकेटं झाली, त्यातली तीन चुकली, आणि त्यात जेवढे पैसे गेले तेवढ्यात बाजारातून वर्षभर पापलेट खाल्लं असतं असं बायकोचं म्हणणं आहे. म्हणून हे लिहितोय, निदान तुमचे तरी वाचू देत.

कोकणात पावसाळ्यात गरम कपडे लागतात म्हटलं की लोक हसतात. मीही हसायचो. जुलैत रोह्याला पारा पंचवीसच्या आसपास असतो, घरात पंखा लावून झोपतो आपण. पण त्याच पंचवीस अंशात खाडीच्या बांधावर, अंगावर ओला कपडा, समोरून समुद्राकडचा वारा आणि हालचाल शून्य, असं सलग चार तास बसून बघा. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, वर वाऱ्याने ते पाणी वाळत राहतं आणि वाळताना परत अंगातलीच ऊब घेऊन जातं, म्हणजे माठ जसा गार होतो ना, तसे आपण माठ झालेले असतो. ताम्हिणीत तर विचारूच नका, पहाटे साडेपाचला वर धुकं, विशीच्या आसपास तापमान, आणि पन्नासच्या स्पीडला गाडी. खाली विळ्याला चहाच्या टपरीवर थांबलो की ग्लास धरताना बोटं वाकत नाहीत. हा गारठा हिमालयातल्यासारखा नसतो, तो हळूच येतो, आणि पहिल्यांदा कळतं ते गाठ मारताना. हूकला तंगुसाची गाठ मारायला जावं आणि तीनदा सुटली की समजायचं, आता आपण काकडलोय.

पहिला पावसाळा. अंगात कॉलेजच्या काळातली जाडजूड कॉटनची हूडी आणि वर बाइकवाल्यांचा असतो तो दोन पीसचा पीव्हीसीचा रेनकोट. मला वाटलं, बाहेरून पाणी शिरायला जागाच नाही, आतून ऊब, अजून काय पाहिजे. पाणी बाहेरून खरंच शिरलं नाही. पण बांधावरून अर्धा तास चालत, चिखलातून पाय उपसत जागेवर पोचेपर्यंत आतून मी घामाने डबडबलो होतो, त्या पीव्हीसीला वाट नाहीच, सगळा घाम हूडीने पिऊन घेतला, आणि मग बसल्यावर पंधरा मिनिटांत जी हुडहुडी भरली ती घरी येऊन चुलीपुढे बसेपर्यंत गेली नाही. पावसाचा एक थेंब आत न येता मी चिंब भिजलो होतो. ती हूडी पुढे चार दिवस वाळली नाही, पाचव्या दिवशी तिला जो कुबट वास आला तो अजून आठवतो, आणि शेवटी तिचं पायपुसणं झालं.

त्या दिवशी सासरे, म्हणजे आमचे अण्णा, माझ्यापासून वीस पावलांवर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन बसले होते, सत्तरी ओलांडलेला माणूस, आरामात बिडी ओढत. मी दात वाजवतोय आणि ते बघतायत. म्हणाले, "जावईबापू, पिशवीत बसलाय तुम्ही. भिजायचं नाय म्हणून उकडून घेताय." मला तेव्हा राग आला, पण नंतर विचार केला तर सगळा मुद्दा त्या एका वाक्यात होता. आपल्याकडचं जुनं पावसाळी सामान बघा. इरलं घ्या, बांबूच्या कामट्या आणि पानांचं, डोक्यावरून पाठीवर येतं, बाया त्यात दिवसभर वाकून लावणी करतात. खालून आणि पुढून ते सताड उघडं असतं, वारा खेळता, त्यामुळे घाम साचत नाही. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, विणताना चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळे पाणी वरच्या वर निथळतं, आणि लोकर तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ शोषून घेते तरी अंगाला ओली लागत नाही. अडचण एकच, घोंगडी भिजली की भयंकर जड होते, आणि ती पांघरून रॉड मागे नेऊन झोकता येत नाही. अण्णांना झोकायचं नसतंच, ते हातानेच गरी सोडतात. मला पाहिजे होती हात मोकळे ठेवणारी घोंगडी. हे कळायला अजून दोन पावसाळे आणि बरेच पैसे गेले ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या वर्षी मामेभाऊ आयर्लंडहून आला, त्याने येताना पिसांचं फुगीर जॅकेट आणलं, चांगल्या कंपनीचं, हलकं, चिमटीत धरता येईल असं. त्याच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा पंधरा-सोळा अंश आणि भुरभुर पाऊस, तोही तिकडे नदीवर जातो, पण गंमत म्हणजे तो स्वतः मासे धरायला हे घालून जात नाही, हे त्याने मला नंतर सांगितलं. घालून बसलो तर पहिला तासभर स्वर्ग. मग पावसाची झड आली, वर पॉन्चो होता तरी गळ्याकडून आणि बाह्यांतून पाणी गेलं, आणि त्या पिसांचे गोळे झाले. अक्षरशः गोळे, हाताला लागायचे, शिवणीच्या प्रत्येक कप्प्यात खाली एक ओली गाठ आणि वर नुसतं दोन पदरी कापड. बायको म्हणाली भिजलेल्या कोंबडीसारखा दिसतोयस, आणि वासही तसाच होता. पिसं ऊब देतात ती त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे, भिजून चिकटली की हवाच राहत नाही, संपलं. ते जॅकेट चांगलंच आहे, आम्ही नंतर डिसेंबरात मनालीला नेलं, तिथे उत्तम चाललं. कोकणातल्या जुलैत त्याचं काही काम नाही.

तिसऱ्या वर्षी मी शहाणा झालो असं मला वाटलं. ऑनलाइन वाचून एक साडेचार हजारांचं जॅकेट घेतलं, आतून फ्लीसचं, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कापडाचं अस्तर, बाहेरून चकचकीत कापड, फोटोत एक गोरा माणूस धबधब्याखाली उभा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खरं सांगायचं तर अर्धी चूक माझी, मी लेबल नीट वाचलं नाही. पहिल्या सरीत पाण्याचे मोती होऊन घरंगळत होते, मी अण्णांना दाखवलंसुद्धा, बघा म्हटलं. तासाभरात खांदे काळे पडायला लागले, जिथे सॅकचे पट्टे येतात तिथे, मग कोपरं, मग शिवणींतून आत. आणि अस्तर आतच शिवलेलं, म्हणजे काढून पिळताही येत नाही, भिजल्यावर दोन किलोचं ओझं अंगावर. कस्टमर केअरला फोन केला तर तो मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, सर, आपलं प्रॉडक्ट वॉटर रेझिस्टंट आहे, वॉटरप्रूफ नाही. म्हटलं मग तो धबधबा? तर म्हणाला, ती इमेज आहे सर.

तर हा फरक जरा नीट समजून घ्या, कारण दुकानातल्या पोरांनाही बऱ्याचदा माहीत नसतो. रेझिस्टंट म्हणजे वरून एक पाणी झटकणारा लेप असतो, तो घासून, धुवून जातो, आणि दाब पडला की पाणी आत. वॉटरप्रूफ म्हणजे कापडाच्या आतल्या बाजूला पडदा नाहीतर थर असतो आणि शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असते. जॅकेट उलटं करून बघायचं, शिवणीवर गुळगुळीत पट्टी दिसली नाही तर ते पावसाचं जॅकेट नाही, विषय संपला. मग लेबलवर आकडा असतो मिलिमीटरमध्ये, दोन हजार, पाच हजार, दहा हजार. त्याचा अर्थ असा की त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी खालून पाझरत नाही. दोन हजारवालं ऑफिसला जायला ठीक आहे. पण ओल्या दगडावर बूड टेकलं किंवा खांद्यावर सॅकचा पट्टा आला की तिथे दाब कितीतरी वाढतो, म्हणून आपल्यासारख्या बसणाऱ्या माणसाला दहा हजारच्या आसपास बघावं.

आणि अजून एक, याच्यावर सगळे फसतात. "ब्रीदेबल" म्हणून जे जास्तीचे पैसे घेतात ना, ते आपल्या पावसाळ्यात फारसे वसूल होत नाहीत. गोअर-टेक्ससारख्या पडद्यातून घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या दमटपणात फरक असतो म्हणून. युरोपात बाहेर थंड हवा, आत गरम, तिथे मस्त चालतं. जुलैत खाडीवर बाहेरची हवाच नव्वद-पंच्याण्णव टक्के दमट, मग वाफ बाहेर जाऊन करणार काय? ती आतच थांबते. म्हणून मी म्हणतो पडद्याच्या नावापेक्षा काखेत चेन आहे का ते बघा. काखेखाली लांब चेन असते काही जॅकेटांना, उघडली की वारा आरपार जातो आणि पाणी शक्यतो येत नाही कारण हात वरून झाकतो. हे आपलं इरलंच झालं की, फक्त नायलॉनचं. माझ्या मते पावसाळी जॅकेटातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती काखेतली चेन आहे, आणि सेल्समन तिच्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

तर चौथ्या वर्षी, आणि आता हे पाचवं चालू आहे, जे जमलं ते असं. आत पॉलिएस्टरचा पातळ टी-शर्ट, त्यावर पातळ फ्लीस, आणि वर वेगळं, सुटं, ढगळ पावसाळी जॅकेट, मांड्यांपर्यंत येणारं, काखेत चेन असलेलं. तिन्ही वेगवेगळं. अस्तर शिवलेलं जोड जॅकेट परत कधी घेणार नाही.

फ्लीस डिकॅथलॉनमधून घेतलं, त्यांच्याच क्वेचुआ ब्रँडचं सगळ्यात साधं पुढून पूर्ण चेनवालं, हजाराच्या आत बसलं. फ्लीस हा प्रकार तसा फार जुना नाही, १९७९ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मॅल्डन मिल्स नावाच्या गिरणीने मेंढीच्या लोकरीची नक्कल म्हणून बनवला, पॉलिएस्टरपासून, म्हणजे पाण्याची बाटली ज्या जातीच्या प्लास्टिकची असते त्याचंच कापड. प्लास्टिकचा धागा स्वतः पाणी पितच नाही, पाणी राहतं ते धाग्यांच्या मधल्या जागेत, आणि पिळलं, झटकलं की बरंचसं निघून जातं. कॉटनचं उलट, तिथे धागाच फुगतो.

मी घरी प्रयोग केला, बायको बाहेर गेली होती तेव्हा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. सुकं फ्लीस पावकिलोच्या किंचित वर. बादलीत बुडवून, पिळून, परत ठेवलं तर चारशेच्या आसपास. तीच गोष्ट एका कॉटनच्या स्वेटशर्टबरोबर केली, सुका सहाशेला थोडा कमी, पिळूनसुद्धा सव्वा किलोवर गेला. दोन्ही पंख्याखाली टाकले संध्याकाळी सातला. फ्लीस रात्री जेवण होऊन झोपायला गेलो तेव्हा जवळजवळ सुकलं होतं, सकाळी घालण्यासारखं. स्वेटशर्ट परवापर्यंत दमटच. कोकणात आपण शनिवारी भिजतो आणि रविवारी पहाटे तोच कपडा परत घालायचा असतो, तर मला वाटतं इथेच निकाल लागतो. ऊब वगैरे नंतर.

जाडी किती घ्यायची? फ्लीसचं वजन चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये सांगतात, शंभर, दोनशे, तीनशे. आपल्याला शंभरच्या आसपासचं. दुकानातला माणूस म्हणेल सर दोनशेवालं जास्त वॉर्म आहे, बरोबर आहे, पण चिखलातून चालताना तेच जास्त उकडतं आणि मग घाम आणि मग परत तीच पहिल्या वर्षीची कथा. वर ताम्हिणी, लोणावळा, महाबळेश्वरच्या बाजूला धरणाच्या फुगवट्यावर रात्रभर बसणार असाल तर दोनशे चालेल. मामेभावासारखं आयर्लंडच्या नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं असेल तर तीनशे घ्या, ते गणितच वेगळं आहे. एक लक्षात ठेवा, नुसतं फ्लीस वाऱ्याला अजिबात अडवत नाही, बाइकवर वरचं जॅकेट न घालता गेलात तर अंगात जाळं घातल्यासारखं वाटेल. यावर उपाय म्हणून वारा न लागणारं दोन पदरी फ्लीस मिळतं, मित्राकडे आहे, मी एक दिवस घालून पाहिलं, ते भिजल्यावर जड होतं आणि सुकायला वेळ घेतं, मला नाही आवडलं.

आता मासे धरणाऱ्यांच्याच कामाच्या गोष्टी, ज्या ट्रेकिंगवाले सांगणार नाहीत. पहिली बाही. रॉड वर धरली की हात कोपरातून वर, आणि रॉडवरून, मनगटावरून पाणी सरळ बाहीत उतरतं. त्यात फ्लीसची बाही वरच्या जॅकेटच्या बाहेर बोटभर जरी डोकावत असेल तर ती दिव्याच्या वातीसारखं काम करते, टोक भिजलं की पाणी चढत चढत कोपरापर्यंत. मला एक अख्खा दिवस कळेना की कोपर ओलं कसं, जॅकेट तर गळत नाही. म्हणून फ्लीसची बाही जॅकेटच्या बाहीपेक्षा आखूडच पाहिजे, मी तर आता पाण्यावर पोचलो की फ्लीसची बाही कोपरापर्यंत सरकवून घेतो आणि वरच्या जॅकेटचा मनगटाचा पट्टा घट्ट करतो. ते अंगठ्यासाठी भोक असलेलं फ्लीस मिळतं ना, दिसायला भारी, ते या कामाला अजिबात घेऊ नका. मासा हातात धरला, आमिषाची कोळंबी सोलली की ते तळहातावरचं कापड बुळबुळीत होतं आणि मग दिवसभर तो वास नाकाशी.

दुसरी गळाची. फ्लीसच्या लवेमध्ये गळ अडकला की निघत नाही, उलटा काटा असतो ना त्याला. तीन तोंडांचा हूक लावलेलं नकली आमिष झोकताना मागे वाऱ्याने आलं आणि पाठीत बसलं, अण्णांनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग नेलकटरने फ्लीस कातरून काढलं. रुपयाएवढं भोक अजून आहे पाठीत. वरचं जॅकेट गुळगुळीत असतं, त्याला गळ लागला तरी बहुतेक वेळा घसरतो, तर पाऊस थांबला म्हणून नुसत्या फ्लीसवर झोकायला उभे राहू नका. जॅकेटच्या लोंबणाऱ्या नाड्याही कापून टाका किंवा आत खोचा, रीलमध्ये तंगुसाबरोबर गुंतल्या की नेमका त्याच वेळी मासा लागतो.

टोपी फ्लीसला नको, जॅकेटला हवी. फ्लीसची टोपी पाठीवर लोंबते आणि मानेमागे ओला बोळा होऊन बसते. जॅकेटच्या टोपीला पुढे कडक छज्जा असेल तर चष्मेवाल्यांचं भलं होतं, नसेल तर आत साधी क्रिकेटची कॅप घालायची, मी तेच करतो. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे, नाहीतर बाजूला बघावं तर आपण टोपीच्या आतच बघत असतो, आणि पावसाळ्यात खाडीवर बाजूला बघणं लागतंच, भरती कुठे आली, पाणी एकदम गढूळ तर झालं नाही ना, वर डोंगरात सर कोसळली की नदीचं पाणी सांगून येत नाही. खडकांवर, उघड्या समुद्राच्या तोंडाशी मी उधाणाच्या दिवसांत जातच नाही, आणि लाईफ जॅकेट घालणार असाल तर ते या सगळ्याच्या वरून बसतं का ते घरीच बघून ठेवा.

रंगाबद्दल सगळे विचारतात, माशाला दिसेल का म्हणून. जुलैच्या चहासारख्या पाण्यात माशाला स्वतःची शेपटी दिसत नसेल, तो तुमचं जॅकेट काय बघणार. नारिंगी घ्या. धुक्यात तुम्ही कुठे आहात ते बरोबरच्याला दिसलं पाहिजे, हे महत्त्वाचं. माझं फ्लीस राखाडी आहे, कारण चिखल. जॅकेट नारिंगी.

दुकानात घालून बघताना लाजायचं नाही. मी ट्रायल रूमच्या बाहेर आरशासमोर उभा राहून रॉड झोकल्यासारखा हात मागे नेला, दोनदा, मग उकिडवा बसलो, मग दोन्ही हात वर केले. पाठ उघडी पडते का, काखेत ओढतं का, बसल्यावर बूड झाकतं का. तिथला मुलगा विचारायला लागला काका काही हरवलंय का. विचारू दे. एक साईझ मोठं घ्या, आत फ्लीस घालूनच बघा, आणि चेन ओल्या हाताने उघडते का बघायला दुकानात पाणी नसतं म्हणून निदान चेनला मोठी दोरी आहे का ते बघा. माझ्या चेनची दोरी तुटली, तिथे आता तंगुसाचा वेटोळा बांधलाय, तो मूळच्या दोरीपेक्षा बरा.

वरच्या जॅकेटला साधारण तीन हजार गेले, फ्लीस धरून चारच्या आत सगळं. तिसऱ्या वर्षीच्या त्या धबधब्यावाल्यापेक्षा कमी, हे टोचतं अजून.

फ्लीसमध्ये वाईट काय ते पण सांगतो. वास. पॉलिएस्टरला घामाचा आणि कोळंबीचा वास जो बसतो तो सहजासहजी जात नाही, आमच्याकडे ते फ्लीस घरातल्या कपाटात ठेवायला बंदी आहे, गॅलरीत वेगळ्या हुकावर लटकतं. कम्फर्टसारखं मऊ करणारं काही धुताना घालायचं नाही, त्याचा थर धाग्यावर बसतो, आणि वरच्या जॅकेटला तर अजिबातच नाही, त्याचा पाणी झटकायचा गुण जातो. इस्त्री नाही. हे इस्त्रीवाल्या भाऊंना सांगायचं राहिलं तर खांद्यावर हाताएवढा चकचकीत कडक डाग पडला, वितळलंच ते. ठिणगीलाही तसंच, चुलीपुढे किंवा अण्णांच्या बिडीच्या बाजूला बसलात तर बारीक बारीक भोकं पडतात, लोकरीच्या घोंगडीला हे होत नाही, ती नुसती करपते, आणि हे अण्णा मला दर वेळी आठवण करून देतात. आणि धुताना त्यातून प्लास्टिकचे बारीक तंतू सुटून पाण्यात जातात, शेवटी नदीत आणि माशात. यावर माझ्याकडे उत्तर नाही, गार पाण्यात, क्वचित, आणि मशीन पूर्ण भरून धुतो एवढंच करतो.

कायद्याचं एक, कारण कोणीतरी विचारेलच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते, काठावरून गळ टाकणाऱ्याला ती बंदी लागत नाही, पण धरणं आणि तलाव मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेले असतात, तिथे आधी विचारा, हक्काने रॉड काढून बसू नका. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यात येतात ते गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी भरलेले असतात. आमच्याकडे वलगण म्हणतात त्याला, गावात त्याचा केवढा उत्साह असतो, पण मी तेव्हा रॉड काढत नाही. अण्णांचं आणि माझं यावर पटत नाही.

गेल्या महिन्यातला हिशोब सांगतो. शनिवारी पहाटे चारला निघालो, ताम्हिणीत धुक्याने गाडी वीसच्या वर नेता येईना, काखेतल्या चेन बंद, फ्लीसची चेन गळ्यापर्यंत. विळ्याला चहाचा ग्लास सरळ धरता आला. बांधावरून चालताना काखा उघडल्या, फ्लीस काढून सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत, कारण चालताना ते लागतच नाही. बसल्यावर परत घातलं, कोरडंच होतं. साडेनऊला आडवा पाऊस सुरू झाला तो बारापर्यंत. गळ्यापाशी थोडं ओलं झालं, ढुंगणाखालचं प्लास्टिक घ्यायला विसरलो म्हणून तिथे गार लागलं, बाकी काही नाही. अकराला तंगूस तुटला, नवीन हूक बांधला, गाठ पहिल्या फटक्यात बसली. मासा म्हणाल तर एक शिंगाळा, अर्धा किलोचा, त्याने काटा मारला अंगठ्याला.

शेवटचं, खरेदीच्या वेळेबद्दल. जूनमध्ये दुकानात गेलात तर सगळीकडे रेनकोट आणि फ्लीस एकही नाही, असलं तर मोठ्या साईझचं एखादं, कारण दुकानदाराच्या डोक्यात फ्लीस म्हणजे हिवाळा. जानेवारीच्या शेवटी, थंडी सरल्यावर ते सेलला काढतात तेव्हा घेऊन ठेवा. मी दुसरं तेव्हाच घेतलंय, कारण पहिल्याच्या पाठीतलं भोक आता दोन रुपयांएवढं झालंय.